भूतकाळी वाक्यात सब्जंक्टिव्ह: वर्तमान की इंपार्फे?

'तो यावा असं मला वाटत होतं' हे फ्रेंचमध्ये लिहिताना शिकणारे हमखास अडखळतात. पुढे सब्जंक्टिव्हचं, म्हणजे इच्छा, शंका अशा वाक्यांत येणाऱ्या क्रियापदरूपाचं, वर्तमानातलं 'किल व्हिएन' लिहायचं, की इंपार्फे म्हणजे अपूर्ण भूतकाळातलं 'किल व्हँ'?

आधी मेहनत बघा. वर्तमान रूपं तुम्हाला येतातच. इंपार्फेसाठी मात्र पासे सँप्ल, म्हणजे लिखाणातला साधा भूतकाळ, पक्का हवा, कारण त्याच्याच 'त्यू'च्या (म्हणजे 'तू'च्या) रूपाला प्रत्यय लागतात: पार्ले (बोलणे) याचं पार्लास, पार्लासियों. एत्र (असणे) याचं फ्यूस, आव्हवार (जवळ असणे) याचं यूस. गंमत फिनीरची (संपवणे) आहे: तिथे सब्जंक्टिव्हच्या वर्तमान आणि इंपार्फेची रूपं सारखीच, फक्त तृतीय पुरुषी एकवचनात 'फिनिस' आणि 'फिनी' असा फरक.

चलनात तर तुलनाच नाही. बोलण्यातून इंपार्फे जवळजवळ गेलं आहे. गप्पांमध्ये 'पार्लासियों' म्हणालात तर समोरचा चमकेल. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या 1976 च्या आदेशाने परीक्षांतही अशा वाक्यात वर्तमान रूप ग्राह्य धरलं.

मग इंपार्फे सोडूनच द्यावं? मुळीच नाही. जुन्या कादंबऱ्यांत ते पानोपानी भेटतं, आणि तृतीय पुरुषी एकवचन आजही साहित्यिक गद्यात टिकून आहे. त्यातल्या स्वरावरचं टोपीसारखं चिन्ह नजरेतून सुटलं, की पासे सँप्ल समजून वाक्याचा अर्थच हुकतो. उच्चार दोन्हींचा एकच.

बोलायला, पत्रव्यवहाराला, परीक्षेला वर्तमानच घ्या. एकोणिसाव्या शतकातलं साहित्य मुळातून वाचायचं असेल, तर इंपार्फे ओळखण्यापुरतं शिका आणि सुरुवात 'फ्यू', 'यू', 'व्हँ' यांपासून करा. सगळे तक्ते तोंडपाठ करण्याचे कष्ट अनुवादकांनी आणि फ्रेंच शिकवणाऱ्यांनी घ्यावेत.