टॅक्रोलिमसची गोळी की जेलचं इंजेक्शन?

हात ट्रान्सप्लांट झाला की टॅक्रोलिमस (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) बहुतेक आयुष्यभर, साधी कॅप्सूल असेल तर दर 12 तासांनी, वर रक्तातली लेव्हल सारखी तपासायची, आणि औषध अख्ख्या अंगात फिरतं म्हणून किडनीला त्रास, शुगर वाढते, इन्फेक्शनची भीती वेगळीच. जेलचं गणित भारी आहे: औषध भरलेलं जेल थेट बसवलेल्या हातापायात टोचायचं, तिथे सूज आली की तिथलीच एन्झाइम्स जेल फोडतात आणि औषध सुटतं, म्हणजे गरज असेल तेव्हाच (हे डोकं आपल्या गोळीला कुठलं!). 2014 मध्ये उंदरांवर एका इंजेक्शनने बसवलेला पाय 100 दिवसांहून जास्त टिकला, त्यात बंगळुरूचे संशोधकही होते. पण किडनी-लिव्हर ट्रान्सप्लांटवाल्यांनी लगेच हुरळू नका, आतल्या अवयवात असं टोचणं सोपं नाही आणि डोस जास्त झाला तर गोळी थांबवता येते, टोचलेलं जेल परत कसं काढणार?