आर्क द त्रियोंफपाशी गेलेले ५०५ युरो

पॅरिसहून आलेल्या माणसाने खिसा कापला गेल्याचे सांगितले की ऐकणारा मनातल्या मनात हसतो. मीही आजवर तसाच हसत आलो होतो. सह्यांचे कागद पुढे करून खिसे कापणाऱ्या मुलींविषयी निघण्यापूर्वी मी वाचलेले होते, इतकेच नव्हे तर पत्नीला दोनदा बजावलेही होते. तरीही गेल्या सप्टेंबरात आर्क द त्रियोंफच्या समोर माझे ५०५ युरो ३० सेंट गेले, आणि त्यांतले पहिले वीस तर मी स्वतःच्या हाताने काढून दिले.

ही कमान ज्या चौकाच्या मध्यभागी उभी आहे तिथे बारा रस्ते येऊन मिळतात आणि वाहनांचा लोंढा थांबत नाही, त्यामुळे वरून रस्ता ओलांडण्याचा विचारही करू नये. शाँझेलिझे या रस्त्याच्या बाजूने भुयारी मार्ग आहे, त्यानेच जावे. त्या मार्गाच्या पायऱ्यांपाशी येणारा प्रत्येक जण थबकतो, मान वर करतो आणि पन्नास मीटर उंचीची कमान फोटोत मावते का ते पाहत दोन पावले मागे सरकतो. चोराला यापेक्षा सोयीची जागा कुठे मिळणार? आम्हाला घाईही होती. कमानीखाली पहिल्या महायुद्धातल्या अनाम सैनिकाची समाधी आहे. तिथली ज्योत १९२३ पासून तेवत असून रोज संध्याकाळी साडेसहाला ती समारंभाने प्रज्वलित करतात. तो सोहळा पाहायचा होता आणि सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

अठरा-वीस वर्षांच्या दोन मुली समोर आल्या. एकीने कानाकडे आणि ओठांकडे बोट करून आपण मूकबधिर असल्याचे दाखवले आणि परीक्षेला नेतात तसले पॅड माझ्यापुढे धरले. कागदावर नाव, देश, सही आणि शेवटच्या रकान्यात रक्कम असे चार रकाने होते. सही फुकट असते, नकार द्यायला जीवावर येते, आणि मूकबधिर मुलीवर खेकसणे माझ्या स्वभावात नाही. मी सही केली. मग तिने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. वरच्या ओळींत २०, ३०, ५० असे आकडे होते.

आता जे लिहितो आहे ते लिहिताना आजही कान तापतात. मी एकतीस वर्षे हिशेब तपासनिसाची नोकरी केली. त्या कागदावर ब्राझील, जपान, कॅनडा असे निरनिराळे देश होते, सह्याही वेगवेगळ्या होत्या, पण रकमांच्या रकान्यातली सगळी शून्ये एकाच हाताची, डावीकडे कललेली आणि वरून न मिटलेली होती. हे मला दिसले. ‘कोणीतरी सोयीसाठी भरले असेल’ असे उत्तरही मीच स्वतःला दिले. त्यानंतर मागच्या बाजूने कोणीतरी हाक मारली आणि त्या मूकबधिर मुलीने झटकन मान वळवून तिकडे पाहिले. हेही मला दिसले! तेव्हाच पॅड ढकलून चालू लागायला हवे होते. मी मात्र वीसची नोट काढली, कारण सही करून पैसे न देणारा माणूस ठरण्याची मला लाज वाटली.

नोट काढण्यासाठी उघडलेल्या कमरेच्या पाउचची चेन मी लावली की नाही, हे आठवत नाही. तिने आभाराच्या खुणा करत पॅड माझ्या पोटाशी आडवे टेकवून ठेवले होते, एवढे पक्के आठवते. पॅडखाली हात चालतो. पॅड शरीराला टेकले की पाउचवर तळहात ठेवून मागे व्हा, सभ्यता नंतर पाहता येईल.

भुयारातल्या तिकीट खिडकीशी पाउचमध्ये हात घातला तेव्हा पाकीट नव्हते. त्यात ३४० युरो रोख आणि फोरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन भरलेले बँकेचे कार्ड, होते. (पासपोर्ट हॉटेलात ठेवला होता, अगदीच बावळट नव्हतो.) कमानीखाली जायला पैसे पडत नाहीत, तिकीट फक्त वरच्या गच्चीचे असते, ते आधी ऑनलाइन काढले असते तर पाउच उघडायची वेळ कदाचित आली नसती, पण चोरी मग आणखी उशिरा कळली असती. फ्रान्समध्ये ५० युरोपर्यंत पिन न टाकता कार्ड टॅप करता येते. कार्ड बंद करण्यासाठी ‘एक दाबा, चार दाबा’ करत मी बेचाळीस मिनिटे फोनवर असताना ४९, ४८.५० आणि ४७.८० असे तीन व्यवहार होऊन गेले. टॅपची सोय ॲपमधून बंद करता येते, ती आजच बंद करा.

पोलीस ठाण्यात दीड तास बसवून ठेवल्यावर मला विचारण्यात आले की पाकीट काढताना तुम्ही कोणाला पाहिले का. पाहिले असते तर काढू दिले असते का? नाही म्हणताच एक छापील कागद पुढे आला. त्यावर ‘पेर्त’ असे लिहिले होते, म्हणजे हरवले. चोरीला ‘व्होल’ म्हणतात. हा शब्द असल्याशिवाय सही करू नका. मी अडून बसलो, तर उद्या सकाळी या म्हणाले. उद्या सकाळी आमची गाडी होती. शेवटी हरवल्याच्या कागदावरच सही करून निघालो. विमा कंपनीने तोच कागद बोट ठेवून परत पाठवला: चोरीची नोंद नाही, तीही चोवीस तासांत हवी, आणि रोख रक्कम संरक्षणात येतच नाही. बँकेचे म्हणणे असे की कार्ड बंद करण्यापूर्वीच्या व्यवहारांची जबाबदारी ग्राहकाची आहे. त्या बेचाळीस मिनिटांची जबाबदारी कोणाची, या माझ्या प्रश्नाला तीन वेळा ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ एवढेच उत्तर आले आहे.

तो कागद अजून कोणाच्या तरी पुढे धरला जात असेल. त्यावर माझे नाव, देश, सही आणि २० हा आकडा आहे, आणि त्या रकान्यातली ती एक नोंद खरी आहे.