नाशिकहून एका दिवसात: खोपोली की शिर्डी?

घरात चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं आणि सुट्टीतला मोकळा दिवस एकच, अशी वेळ आली की नाशिककरापुढे खरे पर्याय दोनच उरतात. खोपोलीजवळचं राइड्सचं थीम पार्क इमॅजिका, नाहीतर शिर्डीचं वॉटर पार्क वेट एन जॉय. आमच्या वेळी शाळेची सहल गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायची. 1989 साली सुरू झालेलं ते पार्क आता बंद आहे, म्हणजे तो विषय मिटला. गंमत अशी की उरलेली ही दोन्ही आज संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडेच आहेत. तेव्हा कोणाचा कारभार चांगला यावर डोकं खर्च करू नका. प्रश्न अंतराचा आहे, आणि पाण्याचा.

अंतरात शिर्डी सरळ जिंकते. सिन्नरमार्गे 90 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घरी पोहे खाऊन निघालात तरी चालतं आणि दिवेलागणीला परत. आजी-आजोबा सोबत असतील तर ते दर्शन घेतात, साईतीर्थ हे तिथलं भक्तीचं थीम पार्क बघतात, तोवर पोरं पाण्यात. गुरुवार आणि रामनवमीचे दिवस तेवढे टाळा, सिन्नरच्या पुढे रस्ता पालख्यांचा असतो.

खोपोली 200 किलोमीटरच्या घरात आहे. पहाटे पाचला मुंबई नाका सोडावाच लागतो. पण 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा तुकडा खुला झाला आणि गणित बरंच बदललं. इगतपुरीजवळ पिंपरी सदोला समृद्धीवर चढायचं, जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट खालच्या खाली पार करायचा आणि शहापूरला उतरायचं. तिथून मुरबाड, कर्जत, खोपोली. कल्याण-शीळ रस्त्याच्या वाटेला मी जात नाही. ज्यांना तिथल्या ट्रकांमागे उभं राहायची हौस आहे त्यांनी जावं.

आता पाण्याचं. वॉटर पार्क वाईट असतं असं मी म्हणत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी तर मी शिर्डीच सांगेन, तेही डोळे झाकून. पण मूल वयात आलं की एक कटकट सुरू होते, आणि ती कुठल्याही वॉटर पार्कात सारखीच असते: मोबाईल लॉकरमध्ये जातो.

ऐकायला ही चैन वाटते. पोरगी दिवसभर फोनपासून लांब, अजून काय हवं? प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. माझी मुलगी आणि तिची मावसबहीण, दोघींना आमच्याबरोबर फिरायचं नसतं. या वयात ते बरोबरच आहे. पण फोन नाही म्हटल्यावर ‘तासाभराने या छत्रीखाली भेटू’ असं ठरवावं लागतं. एका तासाचे दोन होतात. लॉकरच्या किल्लीचा पट्टा माझ्या मनगटात, त्यामुळे त्यांना सरबताला पैसे हवे झाले की मला शोधत फिरायचं, आणि त्या दिसल्या नाहीत की मी तापलेल्या फरशीवरून अनवाणी त्यांना शोधत फिरायचं. गळ्यात अडकवायची ती प्लास्टिकची पाकिटंही वापरून पाहिली. आतून वाफ धरते, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, आणि उंच घसरगुंडीवर चढताना ते पाकीट खालीच ठेवायला सांगतात. शेवटी आईबाप एका जागी खुर्ची धरून बसतात आणि पोरं दर अर्ध्या तासाने हजेरी लावून जातात. ना त्यांना मोकळीक, ना आम्हाला.

इमॅजिकात फोन त्यांच्या खिशात राहतो. राइडवर चढण्यापुरता बाजूला ठेवला, उतरल्यावर परत हातात. ‘राजासॉरसच्या रांगेत आहे’ एवढा मेसेज आला की मी निवांत चहा घेतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. तुमचं मूल अजून तुमचं बोट धरून चालत असेल तर तुम्हाला ही अडचण जाणवणारही नाही.

राइड्सचं म्हणाल तर या वयाला नायट्रो या रोलर कोस्टरपुढे बाकीचं फिकं. पायाखाली फळी नाही, साधारण 40 मीटर उंची आणि पाच वेळा उलटं. मी बसलो ते ‘बाबा, घाबरलास ना?’ या एका वाक्यापायी. गेट उघडलं की आधी तिकडेच सुटा, कारण दुपारी ती रांग ऊन खात उभी असते. दुपार आतल्या राइड्सना द्या: डीप स्पेस हा अंधारातला कोस्टर आहे, आणि आय फॉर इंडियात पाय लोंबकळत ठेवून पडद्यावरच देशावरून उडवून आणतात. माझ्या सौंना तेवढीच आवडली. राजासॉरसला कपडे भिजतात, ती शेवटी घ्या. मंगळवार-बुधवारी जात असाल तर जादा पैशांचं एक्सप्रेस तिकीट बहुतेक वायाच जातं. दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबर अखेरीस जायचंच असेल तर मात्र घ्या, फार विचार करू नका.

खिशाला शिर्डी हलकी पडते, यात वाद नाही. खोपोलीला तिकीट, टोल, डिझेल, आतलं खाणं, सगळंच चढं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून दशम्या आणि चटणी गाडीतच ठेवा आणि कर्जतच्या अलीकडे कुठेतरी थांबून आटपून घ्या.

जून ते सप्टेंबर खोपोलीचा नाद सोडा. तिथला पाऊस आपल्या त्र्यंबकसारखाच, आणि जोर धरला की बाहेरचे कोस्टर थांबवतात. त्या दिवसांत शिर्डी बरी. तिथे तसंही भिजायचंच असतं. बाकी आठ महिने मी खोपोलीच्या बाजूने आहे, एका अटीवर: गाडीत चालवणारे दोन हवेत. दिवसभर उन्हात पायपीट करून रात्री मुरबाडचा अंधारा रस्ता एकट्याने कापणं माझ्या वयाला झेपत नाही. दुसरा ड्रायव्हर मिळत नसेल तर बदलापूर-कल्याणकडे एखादा नातेवाईक गाठून रात्री तिथेच टेका, आणि सकाळी समृद्धी धरा.