दीक्षा पोर्टल: मजकूर फुकट, वर्गात पोचवायचा खर्च कोणाचा?

दीक्षा हे शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ आणि इतर साहित्य मोफत देणारं पोर्टल आणि ॲप ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी सुरू झालं. व्यवस्था केंद्राची असली तरी मराठी माध्यमाचं साहित्य राज्यातल्याच शिक्षकांनी आणि विषयतज्ज्ञांनी घडवलेलं आहे. मागची सनबर्ड ही प्रणाली मुक्त स्रोताची, म्हणजे परवाना शुल्क नाही. सर्व्हरचा खर्च वर, सरकारी पातळीवर भागतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्यावस्त्यांवर अडतं ते खाली, वर्गाच्या दाराशी.

आधी जमेची बाजू. पुस्तकातला क्यूआर कोड ही यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट. पुस्तक छापून पोरांच्या दप्तरात गेलं तरी कोडमागचा व्हिडिओ बदलता येतो, फेरछपाई लागत नाही. कोड शिवणीत दुमडला किंवा शाई फाकली तर तो स्कॅन होत नाही. अशा वेळी कोडखालची सहा अक्षरं हाताने टाका, काम होतं. 'काहीच सापडत नाही' ही तक्रार मात्र बहुतेक वेळा निवडीतल्या चुकीची असते. ॲपमध्ये मंडळ महाराष्ट्र राज्य, माध्यम मराठी आणि इयत्ता, हे तिन्ही पहिल्यांदाच नीट निवडा. मंडळ सीबीएसई राहिलं तर समोर हिंदी-इंग्रजीच येणार.

पाठ्यक्रम बदलला की जुन्या पुस्तकाचा कोड भलत्याच धड्यावर नेतो किंवा रिकामा निघतो. पैसे खरे लागतात ते इथे, जुनं तपासून दुरुस्त करायला. नव्या व्हिडिओचं उद्घाटन होतं, दुरुस्तीला कोण नारळ फोडणार?

आता डेटा. धड्याचा व्हिडिओ ३० एमबीचा धरला आणि ४० मुलांनी आपापल्या घरच्या फोनवर उतरवला, तर १२०० एमबी गेले. तोच शिक्षकाने तालुक्याच्या गावी एकदा उतरवला, तर खर्च ३० एमबीचा. उतरवलेलं साहित्य ॲपमधूनच फाइल करून ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डावरून दुसऱ्या फोनवर देता येतं, पण समोरच्या फोनवरही दीक्षा ॲप हवं. ही फाइल साध्या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडत नाही, आणि मग 'फाइल खराब आहे' म्हणून ती पुसली जाते. फोनची जागा लवकर भरते, तेव्हा साठवण मेमरी कार्डावर वळवून घ्या आणि झालेले घटक काढत चला.

शाळेच्या हातात पैसा किती? समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत केंद्र-राज्य वाटा ६०:४०. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. म्हणजे २८ पटाच्या द्विशिक्षकी शाळेकडे ९,००० उरतात; त्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, आणि जमलंच तर इंटरनेट. प्रोजेक्टर लोकवर्गणीतून येतो, त्याचा दिवा गेला की तो कपाटात जातो. शाळा व्यवस्थापन समितीने देणगीदाराकडे उपकरण मागतानाच दोन-तीन वर्षांचं रिचार्ज आणि एक जादा दिवा मागावा. देणाऱ्याला हा आकडा जड नसतो, फक्त त्याला कोणी सांगत नाही. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधीही शिक्षणावर चालतो. अर्जात 'डिजिटल शाळा' असं मोघम न लिहिता महिन्याचा खर्च लिहा.

हक्कांचा घोळ वेगळाच. दीक्षावरचं बरंच साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, श्रेय देऊन वापरता येतं. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत मिळते, पण पुस्तकातच लिहिलेलं आहे की मजकूर उद्धृत करायला संचालकांची लेखी परवानगी लागते. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या शाळांसाठी स्वतःचा साठा करणाऱ्यांनी दोन्ही एकाच फोल्डरात कोंबू नये. प्रत्येक घटकाशेजारी परवाना कोणता ते लिहून ठेवावं.

आणि मुलांची खाती काढू नका. धडे पाहायला लॉगिन लागत नाही, अतिथी म्हणून सगळं दिसतं. जानेवारी २०२३ मध्ये वापरकर्त्यांची माहिती उघड्यावर राहिल्याच्या बातम्या आल्या होत्या. जी माहिती दिलीच नाही, ती फुटणार कुठून.