अस्तरीकरण केलेले शेततळे की गावाचा पाणलोट?

हवामानबदलामुळे मराठवाड्यात आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्यात दोन पावसांमधले खंड लांबत चालले आहेत आणि जो पाऊस येतो, तो थोड्या तासांत कोसळून वाहून जातो. अशा वेळी पाणी साठवायचे कुठे, याची दोन उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर म्हणजे प्लास्टिक अस्तराचे शेततळे. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शेततळ्यांना वेग आला. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग एप्रिल-मेमध्ये जगवण्याची खात्री ते देते, आणि ही गोष्ट लहान नाही. परंतु अनेक तळी पावसाने भरत नाहीत. विहिरीचे व बोअरचे पाणी उपसून ती भरली जातात. सर्वांच्या भूजलाचा हिस्सा अशा रीतीने एकाच्या बांधावर येतो, उन्हाने त्यातला बराच भाग वाफ होऊन जातो, आणि ज्याच्याकडे तळ्यापुरती जमीन नाही, त्याची विहीर मात्र लवकर आटते.

दुसरे उत्तर म्हणजे गावाचा पाणलोट, म्हणजे पावसाचे पाणी जिथून वाहत एकत्र येते ते सारे क्षेत्र, मिळून सांभाळणे. नगरजवळच्या हिवरे बाजार या गावाने ते केले. तेथे डोंगरउतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरचे चर, खणून पाणी मुरवले गेले, शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी झाली, आणि दरवर्षी पावसाच्या मोजणीवरून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरू लागली. याला वर्षे लागतात, शिवाय सरपंच म्हणून हे काम घडवून आणणाऱ्या पोपटराव पवारांसारखे नेतृत्व प्रत्येक गावाला लाभत नाही. तरीही सार्वजनिक पैसा आधी इकडेच जावा, असे माझे ठाम मत आहे. शेततळ्याला अनुदान द्यायचे, तर ते केवळ पावसाच्या पाण्याने भरण्याच्या अटीवर द्यावे.