विमानाचं इंजिन उघडायचं कुणाकडे: कारखाना, स्वतंत्र शॉप की आपला मेकॅनिक?

न्यू जर्सीत आम्हा चौघांच्या भागीदारीत १९७४ चं सेसना १७२ एम हे एका इंजिनाचं छोटं विमान आहे. गेल्या वेळी तेल बदलताना फिल्टर कापला तर कागदाच्या घड्यांत बारीक, चमकणारे कण दिसले. लोहचुंबक जवळ नेला आणि ते चिकटले. अ‍ॅल्युमिनियमचे असते तर चिकटले नसते. एक सिलिंडर उतरवून आत पाहिलं तेव्हा कॅमशाफ्टची, म्हणजे सिलिंडरच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याची, एक लोब (उंचवटा) झिजून बोथट झालेली होती. आता निव्वळ टॉप ओव्हरहॉल म्हणजे सिलिंडर बदलून भागणार नाही, इंजिन पूर्ण उघडावं लागणार. अशाच वळणावर आलेल्यांसाठी आमची तीन महिन्यांची शोधाशोध इथे मांडतोय.

इंजिन आहे लायकमिंग या कंपनीचं ओ-३२०-ई२डी, १५० अश्वशक्तीचं. कंपनीची ओव्हरहॉलची शिफारस २,००० तास किंवा १२ वर्षं, यांपैकी जे आधी येईल ते. अमेरिकेत खासगी उड्डाणासाठी ही मर्यादा बंधनकारक नाही. म्हणून आमचं इंजिन मागच्या ओव्हरहॉलनंतर १,९६० तास आणि १९ वर्षं चाललं.

कोटेशनं मागवण्याआधी दोन शब्द नीट समजून घ्या. अमेरिकी नियमात ‘ओव्हरहॉल’ म्हणजे इंजिन सुटं करणं, धुणं, तपासणं, गरजेप्रमाणे दुरुस्त करणं, जोडणं आणि चाचणी घेणं. पण भाग नव्याच्या मापात बसवायचे की वापराच्या कमाल मर्यादेपर्यंत झिजलेले चालवून घ्यायचे, हे त्या एका शब्दात कळत नाही. क्रँकशाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा इंजिनाचा मुख्य दांडा, त्या मर्यादेच्या अगदी काठावर असली तरी ओव्हरहॉल कायदेशीरच ठरतो. फक्त पुढच्या २,००० तासांच्या झिजेला तिच्यात जागा उरलेली नसते. दुसरा शब्द ‘रिबिल्ट’. शून्य तासांचं कोरं लॉगबुक देण्याचा अधिकार निर्मात्याला किंवा त्याने नेमलेल्यालाच आहे. रिबिल्ट इंजिनातही जुने भाग असू शकतात. ते नव्याच्या मापात बसतात, पण त्यांचा इतिहास तुमच्या हातात राहत नाही.

कारखाना म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्सपोर्ट. आपलं जुनं इंजिन कोअर म्हणून, म्हणजे बदल्यात, द्यायचं आणि तयार इंजिन घ्यायचं. नवं येईपर्यंत जुन्यावर उडता येतं, हा एरवीचा मोठा फायदा. आमच्या फिल्टरात लोखंड सापडल्यामुळे तो आम्हाला लागू नाही. मला खरी भुरळ पडली ती रोलर टॅपेटची. टॅपेट म्हणजे कॅमशाफ्टच्या लोबवर टेकून तिची हालचाल झडपेकडे नेणारा भाग. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. विमान महिनाभर हँगरमध्ये उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल ओघळून जातं आणि पावसाळ्यात कोकणातल्या विळीवर चढतो तसा गंज त्याच्यावर चढतो. मग पुढच्या उड्डाणात सपाट टॅपेट त्या खरबरीत पृष्ठभागावर घासत राहतं. कारखान्याच्या बऱ्याच इंजिनांत आता रोलर टॅपेट येतात, त्यामुळे ही घसट खूप कमी होते. आठवड्यातून एकदाही उडणं जमत नसेल तर हा मुद्दा जड आहे. मात्र कारखान्याच्या नावावर डोळे मिटून विसंबू नका. २०१७ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारा दांडा) लहान टोकाचे बुश जागेवरून सरकत असल्याचं आढळलं, आणि लायकमिंगच्या बुलेटिनपाठोपाठ विमान वाहतूक प्रशासनाचा सक्तीचा तपासणी आदेशही निघाला.

स्वतंत्र शॉपमध्ये आपलंच क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच), आपलीच क्रँकशाफ्ट परत येते. चांगल्या शॉपकडे टेस्ट सेल असतो. इंजिन तिथे तासन्‌तास चालवून, तापमान आणि तेलाचा दाब नोंदवून मगच खोक्यात जातं. यातली बरीच शॉप क्रँककेस आणि क्रँकशाफ्टची कामं बाहेर पाठवतात, बहुतेक वेळा ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या खास त्याच कामाच्या कंपन्यांकडे. सुरुवातीला मला हे खटकलं होतं. आता उलट वाटतं: ज्याचा रोजचा धंदा क्रँकशाफ्ट घासण्याचा आहे, त्यानेच ती घासावी. काम कुठे जातं, हे शॉपने न विचारता सांगितलं तर मला ती चांगली खूण वाटते.

आम्ही प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले. सिलिंडर नवे की दुरुस्त केलेले? ओव्हरहॉलला कोणते भाग बदललेच पाहिजेत याचं लायकमिंगचं बुलेटिन २४० पूर्ण पाळणार का? मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र) आणि कार्ब्युरेटर किमतीत धरलेत का? वॉरंटी इंजिन बसवल्यापासून की रवाना झाल्यापासून, आणि इंजिन उतरवण्या-चढवण्याची मजुरी तिच्यात आहे का? सर्वांत महत्त्वाचं म्हणजे क्रँकशाफ्टची मोजलेली मापं लेखी देणार का? एका शॉपने या शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं उत्तर दिलं. आम्ही ते नाव तिथेच खोडलं.

लेखी मापांचा हा हट्ट कुठून आला ते सांगतो. १९ वर्षांपूर्वीच्या ओव्हरहॉलची आमच्या लॉगबुकातली नोंद एका ओळीची आहे: निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ओव्हरहॉल केला. क्रँकशाफ्ट तेव्हा घासली का, किती घासली, कोणते बेअरिंग बसवले, यातलं काहीच नाही. इंजिन उघडल्याशिवाय ती अजून एकदा घासता येईल की टाकून द्यावी लागेल, हे आज कुणीही सांगू शकत नाही.

तिसरा रस्ता आपला मेकॅनिक. सुपरचार्जर आणि रिडक्शन गिअर नसलेलं असं साधं इंजिन परवानाधारक मेकॅनिक कायद्याने उघडू शकतो. मजुरी कमी पडते आणि प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहता येतो. पण टेस्ट सेल नसल्यामुळे इंजिन पहिल्यांदा फिरतं ते विमानावरच. ज्याने अशी बरीच इंजिनं जोडलीत, त्याच्याकडे मी नि:शंकपणे देईन. आमचा मेकॅनिक वार्षिक तपासणीत अव्वल आहे, पण पूर्ण ओव्हरहॉल त्याने दोनच केलेत, आणि ते त्याने स्वतःच सांगितलं.

बारामती किंवा धुळ्याला प्रशिक्षण संस्था चालवणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे टीबीओ, म्हणजे दोन ओव्हरहॉलमधली कंपनीने ठरवलेली मर्यादा, ओलांडायला आमच्याइतकी मोकळीक नाही आणि विमान उभं राहिलं की विद्यार्थ्यांचे तास अडतात. परदेशी शॉप निवडताना त्याचं काम डीजीसीएला, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाला, मान्य आहे का, हे आधी पाहावं. इंजिन दोनदा समुद्रापार जाण्यापेक्षा तिथे अदलाबदलच मला शहाणपणाची वाटते.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च तिन्ही रस्त्यांवर आहे: वाहतूक, नवे होज, माउंटचे रबर आणि ऑइल कूलर. इंजिनात लोखंड फिरलेलं असेल तर जुना कूलर पुन्हा लावू नका. आतल्या नळ्यांत अडकलेले कण नव्या बेअरिंगमध्येच जाणार.

आमचा कौल स्वतंत्र शॉपकडे गेला. एका भागीदाराला कारखान्याचं इंजिन हवं होतं, विकताना किंमत चांगली येते म्हणून, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. ज्याच्या इंजिनाला प्रॉप स्ट्राइकची (फिरता पंखा कशावर तरी आपटल्याची) नोंद किंवा क्रँककेसला तडा आहे, त्याने तोच मार्ग धरावा असं मीही म्हणेन. आमच्या लॉगबुकात तसं काही नाही. शॉपशी ठरलंय असं: आधी इंजिन उघडून मापं पाठवायची, मगच आम्ही पुढच्या कामाला होकार देणार. उघडलेलं इंजिन कारखाना कोअर म्हणून कोणत्या अटींवर घेईल, हेही आधीच विचारून ठेवलंय.

येत्या शनिवारी इंजिन उतरवतोय. परत आल्यावर पहिले ५० तास किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत साधं मिनरल तेल आणि ६५ ते ७५ टक्के पॉवर. जमिनीवर रेंगाळत चालवायचं नाही, नाहीतर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन पिस्टनच्या रिंग नीट बसत नाहीत. तेवढे तास लवकर भरावेत म्हणून चौघांनी रविवार आत्तापासून वाटून घेतलेत.