किंग्ज गॅम्बिट की इव्हान्स? रविवारच्या रॅपिड स्पर्धेला जाण्याआधी

बुद्धिबळात पांढरी मोहरी आली की प्यादं देऊन चढाई करायची, म्हणजे गॅम्बिट खेळायचा, एवढं तुझं पक्कं आहे. मग कुठलं प्यादं द्यायचं?

किंग्ज गॅम्बिटमध्ये ई४ ई५ (प्यादी जातात ती घरं; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची) नंतर दुसऱ्याच चालीला एफ४. काळ्याने ते घेतलं की त्याचं ई५ वरचं प्यादं मध्यातून हटतं आणि किल्लेकोट (राजा कडेला नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणणं) झाल्यावर एफ पट्टीवर तुझा हत्ती थेट एफ७ कडे, काळ्या राजाशेजारच्या प्याद्याकडे बघतो. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसनने किझरिट्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली, तो ‘अमर डाव’ यातूनच आला. पण एफ२ वरचं प्यादं गेलं की राजाचा दरवाजा सताड उघडा. विलेपार्ल्याच्या एका स्पर्धेत मी तिसऱ्या चालीला उंट सी४ ला काढला. समोरच्या लहान मुलीने लगेच वजीर एच४ वर आणून शह दिला. ही चाल पुस्तकातलीच, मला माहीतही होती, तरी राजा एफ१ ला सरकवल्यावर किल्लेकोट गेला आणि पुढची सगळी मिनिटं राजाला निवारा शोधण्यात संपली.

इव्हान्स गॅम्बिटमध्ये दोन्ही बाजूंचे घोडे आणि उंट आधी बाहेर येतात, मग चौथ्या चालीला बी४. उंटाने ते घेतलं की सी३ खेळून त्याला पळवायचं आणि डी४ ने मध्य ताब्यात घ्यायचा. पुढे ए३ वरचा उंट काळ्याचा किल्लेकोट अडवू शकतो. राजा मात्र तीन प्याद्यांच्या आड शाबूत. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. १८५२ चा अँडरसनचा ‘सदाहरित डाव’ इव्हान्सचाच. हे जुनं झालं म्हणशील, तर १९९५ मध्ये रिगाला कास्पारोव्हने याच गॅम्बिटने आपल्या आनंदला २५ चालींत हरवलं.

किंग्ज गॅम्बिटही मेलेला नाही. १९६० मध्ये स्पास्कीने याच गॅम्बिटने फिशरला हरवलं; दोघेही पुढे जगज्जेते झाले. फिशरने पुढच्या वर्षी त्याचा निकाल लावणारा लेख लिहिला आणि नंतर स्वतःही तो खेळला.

इव्हान्सची खरी अडचण एकच: समोरच्याने तिसऱ्या चालीला उंट सी५ वर आणायला हवा. किंग्ज गॅम्बिटला ई५ पुरतं.

तरीही पंधरा मिनिटांच्या डावासाठी मी इव्हान्सच सांगेन. उंटाऐवजी घोडा एफ६ ला आला तर डी४ खेळ. प्याद्याने प्यादं घेतलं की आधी किल्लेकोट कर, ते परत मिळवायची घाई नको.